हिवाळ्यात घरात ठेवलेल्या मिरचीसाठी दिवा: आधी झाडाचं ठरवा, मग वॉट मोजा

ऑक्टोबरचा पहिला आठवडा आला की न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीच्या चार-पाच घरांतून तोच फोन येतो. "मिरची आत घ्यायचीय, कुठला ग्रो लाइट घेऊ?" जानेवारीत त्याच घरांतून दुसरा फोन: "दिवा घेतला, सोळा-सोळा तास लावला, तरी पानं गळाली. आता काय?"

चूक दिव्यात क्वचितच असते, बहुतेक वेळा ती क्रमात असते. दिवा पहिल्या दिवशी मागवला जातो, आणि झाड कुठं ठेवायचं, किती छाटायचं, तिथं थंडी किती, याचा विचार खोकं घरी आल्यावर सुरू होतो. हे उलटं करायचं. दिवा हे शेवटचं खरेदीचं काम. त्याआधीची कामं नीट झाली तर वीस-पंचवीस डॉलरच्या साध्या शॉप लाइटवर (गराजमध्ये टांगतात तो लांबट दिवा) चार झाडं मे महिन्यापर्यंत आरामात निघतात.

खालचे आकडे मध्य न्यू जर्सीच्या हवामानाला धरून आहेत. शिकागो किंवा टोरोंटोला आत घेण्याच्या तारखा थोड्या अलीकडे आणि बाहेर नेण्याच्या थोड्या पुढं घ्या, पद्धत तीच.

## 1. झाड झोपवायचं, जगवायचं की पिकवायचं?

मिरची मुळात वर्षायू नाही. थंडी नसेल तिथं ती दोन-तीन वर्षं सहज टिकते. इथं तिला मारतं ते दंव. आणि 10 अंश सेल्सिअसच्या खाली, म्हणजे 50 फॅरनहाइटच्या खाली, ती वाढ थांबवून नुसती कुढत बसते. म्हणून आत आणल्यावर तिच्याकडून काय हवंय ते आधी स्वतःशी ठरवा. पर्याय तीन.

झोपवणं. झाड खोडापर्यंत छाटायचं आणि 10 ते 15 अंशांच्या थंड बेसमेंटमध्ये ठेवायचं. पानं जवळजवळ नाहीतच, त्यामुळे उजेड नाममात्र पुरतो.

जगवणं. झाड छाटलेलं, पण खोली 16 ते 20 अंशांची. कोंब फुटत राहतात, त्यांना खायला उजेड लागतो. बहुतेक घरांत प्रत्यक्षात हेच होतं.

पिकवणं. झाड न छाटता किंवा थोडंसंच छाटून, 21 ते 26 अंशांत, फेब्रुवारीतही मिरच्या तोडायच्या. हे जमतं, पण याला खरा उजेड लागतो आणि दिव्याचा खर्च कितीतरी पटीनं वाढतो.

बरीच झाडं मरतात ती या तिन्हींची खिचडी केल्यामुळे: ऊब पिकवण्याची, उजेड झोपवण्याचा. गरम खोलीत झाडाला वाढावंसं वाटतं, पण खायला काही नसतं. मग पेरं लांबतात, पानं फिकी पडतात, खोड लोळतं. कमी उजेडात तग धरायचा तर झाड थंड हवं. एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी "जगवणं" निवडा. लवंगीची दोन झाडं आणि ज्वालाची दोन, एवढ्यावर थांबा. बारा कुंड्या आत आणणाऱ्याच्या हाती मार्चमध्ये तीन उरतात आणि वैताग बाराचा होतो.

> तपासा: कुठली झाडं आत घ्यायची? खोड टणक, पानांवर बोकडल्याची (आकसून मुरडल्याची) खूण नाही, या हंगामात बऱ्यापैकी लागलेली. चुरडामुरडा झालेलं झाड कितीही लाडकं असलं तरी आत आणू नका, ते बाकीच्यांनाही बुडवेल.

## 2. आत आणण्याआधीची कामं

रात्रीचं तापमान सलग 10 अंशांकडे उतरू लागलं की आत घ्यायची वेळ झाली. इथं ती सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला येते, पहिलं दंव त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी. "अजून चार हिरव्या मिरच्या मोठ्या होऊ देत" म्हणून थांबू नका. दंवाची एक रात्र गाठली तर दिव्याचा प्रश्नच मिटतो.

क्रम असा ठेवा:

1. सगळ्या मिरच्या, कळ्या, फुलं तोडा. हिरव्या मिरच्यांचा ठेचा करून फ्रीजरमध्ये टाका.
2. छाटणी करा. जगवायचं झाड असेल तर मुख्य खोडाला जिथं दोन फांद्या फुटतात त्या बेचक्याच्या वर दोन-तीन पेरं ठेवायची, बाकी उडवायचं. उंची सहा-आठ इंच राहते. हात कचरतो, पण राहू दे म्हणून ठेवलेली प्रत्येक फांदी उद्या उजेड मागणार. जेवढं झाड, तेवढा दिवा. हा हिशोब पुढं पैशांत दिसतो.
3. कुंडीतून काढून बाहेरची माती झटका, मुळांचा गोळा कडेनं साधारण तिसरा हिस्सा कापा, नव्या पॉटिंग मिक्समध्ये सहा-आठ इंची कुंडीत लावा. बागेतली माती आत आणू नका. तिच्याबरोबर चिलटं येतात आणि ती थेट चहाच्या कपात उतरतात. पिकवायच्या झाडाची मुळं मात्र कापायची नाहीत.
4. नळाच्या जोरदार धारेनं खोड आणि पानांची खालची बाजू धुवा. मग कीटकनाशक साबणाचं फवारणीपाणी मारा, पाच-सहा दिवसांनी पुन्हा. बाहेर मावा पावसानं आणि लेडीबगनं आटोक्यात असतो. घरात ना पाऊस ना लेडीबग.

> सावधान: पहिले दहा-बारा दिवस ही झाडं घरातल्या तुळस, कढीपत्त्यापासून वेगळी ठेवा. कढीपत्त्यावर एकदा पांढरी माशी बसली की ती हिवाळाभर हलत नाही.

आत आल्यावर उरलेली पानं गळतात. घाबरून खत घालू नका. झाड जिवंत आहे का हे बघायचं असेल तर खोडाची साल नखानं अगदी केसभर खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसलं तर झाड ठीक आहे. तपकिरी, कोरडं लागलं तर थोडं खाली येऊन पुन्हा खरवडा. बरेचदा वरचं टोक मेलेलं असतं आणि खालचं पेर जिवंत.

## 3. जागा ठरवा आणि आहे तो उजेड मोजा

21 डिसेंबरला पुण्यात दिवस जवळजवळ अकरा तासांचा असतो, न्यू जर्सीत साधारण सव्वानऊ तासांचा, आणि त्यातलेही कित्येक ढगाळ. तरी दक्षिणेची खिडकी असेल तर ती फुकट मिळणारी वीज आहे, सोडू नका. उत्तरेची खिडकी मात्र विसरा.

आपल्या डोळ्यांवर या कामात अजिबात विश्वास ठेवायचा नाही. दिवाणखान्यात संध्याकाळी दिवे लावले की आपल्याला लख्ख वाटतं, तिथं असतो शे-दोनशे लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप). बाहेर भर उन्हात लाखाच्या आसपास. बाहुली लहान-मोठी होऊन डोळा जुळवून घेतो, पानाला ती सोय नाही.

म्हणून फोनवर लक्स मोजणारं ॲप घ्या. अँड्रॉइडमध्ये उजेडाचा सेन्सर स्क्रीनच्या बाजूला वर असतो, म्हणून झाडाचा शेंडा जिथं येणार तिथं फोन स्क्रीन वर करून धरायचा. आयफोनवरची ॲपं कॅमेरा वापरतात, त्यावर साध्या पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवावा लागतो. आकडा काटेकोर येणार नाही, पण ही जागा बरी की ती, हे ठरवायला पुरेसा आहे.

झाडांच्या उजेडाचं खरं माप मायक्रोमोलमध्ये असतं: दर सेकंदाला एक चौरस मीटरवर पानाच्या उपयोगाचे किती प्रकाशकण पडतात ते. पांढऱ्या एलईडीखाली लक्सला 70 नं भागलं की ढोबळ मायक्रोमोल मिळतात. उन्हासाठी 54 नं भागा. जांभळ्या दिव्याखाली हा भागाकार चालत नाही, कारण लक्स माणसाच्या डोळ्याप्रमाणे मोजलं जातं आणि डोळ्याला लाल-निळं कमी दिसतं.

तीन पर्यायांसाठी शेंड्यापाशी हवे असलेले आकडे:

| | मायक्रोमोल | लक्स, पांढरा एलईडी | रोजचे तास |
|---|---|---|---|
| झोपवणं | 50 | 3,500 | 10-12 |
| जगवणं | 100-150 | 7,000-10,500 | 14 |
| पिकवणं | 300-400 | 21,000-28,000 | 14-16 |

दिवसभराचा एकूण उजेड, ज्याला डीएलआय म्हणतात, तो काढायचा असेल तर मायक्रोमोल गुणिले तास गुणिले 0.0036. जगवायच्या झाडाला 110 मायक्रोमोल 14 तास दिले तर साडेपाच होतो. पिकवायला 15 च्या वर हवा. हा एकच गुणाकार केला की "सोळा तास लावला तरी" या तक्रारीचं उत्तर मिळतं: 30 मायक्रोमोल सोळा तास दिले तरी पावणेदोनच होतात. तास वाढवून अंधुक दिवा प्रखर होत नाही.

> तपासा: जागा ठरवताना रात्रीचं तापमानही बघा. जोडलेलं गराज जानेवारीत शून्याखाली जाऊ शकतं. खिडकीच्या काचेला टेकलेलं पान रात्रीत काळं पडतं, काचेपासून चार बोटं अंतर ठेवा.

## 4. किती वॉट लागतील

आता जमिनीवर किंवा शेल्फवर कुंड्या प्रत्यक्ष मांडा आणि टेपनं मोजा. झाडं छाटलेली असतील तर आठ इंची चार कुंड्या चार फूट लांब, एक फूट रुंद पट्ट्यात बसतात. म्हणजे चार चौरस फूट. कुंड्या चौकोनात मांडल्या की हिशोब बदलतो, म्हणून आधी मांडणी.

दर चौरस फुटाला खरे वॉट:

- झोपवायला 4-5
- जगवायला 10
- पिकवायला शॉप लाइटनं 25-30, चांगल्या एलईडी बोर्डानं (सपाट पाटीवर एलईडी बसवलेला ग्रो लाइट) 20

आपल्या चार झाडांना जगवायला 40 वॉट झाले. म्हणजे चार फुटी एक शॉप लाइट. तीच चार झाडं न छाटता आत आणली असती तर प्रत्येकीला चार चौरस फूट लागले असते, आणि पिकवायचं म्हटल्यावर 300 वॉटच्या वर गेलो असतो. छाटणीची कात्री पाच डॉलरला मिळते, एवढंच म्हणेन.

विजेचाही हिशोब आत्ताच करून टाका. 40 वॉट, 14 तास, 30 दिवस: 16.8 युनिट. युनिटला 20 सेंट धरले तर महिन्याला तीन डॉलर छत्तीस सेंट. तुमचा दर बिलावर बघा. 300 वॉट तेवढेच तास लावले तर महिन्याला पंचवीस डॉलर. त्यात इंडियन ग्रोसरीतून किती मिरच्या येतात, तोही हिशोब ज्याचा त्यानं करावा.

## 5. खरेदी: खोक्यावर काय वाचायचं, काय सोडायचं

इथं थोडं रेंगाळायला हवं, कारण पैसे इथंच बुडतात.

माझा पहिला दिवा ऑनलाइन घेतलेला. खोक्यावर ठळक अक्षरात "1000 वॉट". जांभळा उजेड, आत दोन पंखे, आवाज मिक्सरचा. महिनाभरानं प्लगमध्ये बसवायचा वॉटमीटर आणला आणि लावून बघितला तर आकडा 108 वर थांबला. मी मीटरच खराब समजून इस्त्री लावून बघितली. मीटर ठणठणीत होता. मध्यंतरी बेसमेंटच्या खिडकीतून रात्री जांभळा प्रकाश बाहेर पडायचा, तेव्हा शेजारच्या आजोबांनी एकदा फार हळू आवाजात विचारलं होतं की आम्ही खाली नक्की काय पिकवतो. त्यांना दुसऱ्या दिवशी ठेच्याची बाटली नेऊन दिली.

तर वाचायचं ते असं.

खरे वॉट. "समतुल्य", "रिप्लेसमेंट" असले आकडे सोडून द्या. खोक्याच्या मागं बारीक अक्षरात प्रत्यक्ष वापराचा आकडा असतो. तो कुठंच छापला नसेल तर दिवा परत शेल्फवर.

ल्युमेन (दिव्याचा एकूण उजेड) भागिले वॉट. साध्या पांढऱ्या दिव्यांसाठी हीच सोपी परीक्षा. 40 वॉट आणि 4,500 ल्युमेन म्हणजे वॉटला 112. शंभराच्या वर असेल तर घ्या. खाली असेल तर तेवढ्याच विजेत कमी उजेड मिळतोय.

ग्रो लाइट म्हणून विकत असतील तर मायक्रोमोल प्रति ज्यूल, म्हणजे ठरावीक विजेत पानाच्या उपयोगाचे किती प्रकाशकण मिळतात, हा आकडा शोधा. 2 किंवा वर असेल तर चांगला, 2.5 च्या पुढं उत्तम. हा आकडा देणारे विक्रेते बहुधा खरे वॉटही लिहितात.

रंग. 4000 ते 5000 केल्विनचा पांढरा घ्या. 3000 चा पिवळसर किंवा 6500 चा निळसर घरात पडलेला असेल तर तोही चालतो. उजेड पुरेसा असणं हे रंगापेक्षा कितीतरी महत्त्वाचं. "फुल स्पेक्ट्रम" या शब्दांना ठरलेला अर्थ नाही, त्यासाठी दहा डॉलर जास्त देऊ नका. जांभळ्या दिव्याखाली झाडं वाढतात, त्यात वाद नाही. पण पान पिवळं पडलंय का, मागं कोळी ही बारीक कीड बसलीय का, हे आपल्याला दिसत नाही. आणि त्या खोलीत बसवत नाही.

यूएल किंवा ईटीएलची, म्हणजे सुरक्षेची तपासणी झाल्याची, खूण. पाण्याच्या शेजारी चौदा-चौदा तास चालणारं उपकरण आहे. ही खूण नसलेला दिवा फुकट मिळाला तरी नको.

आता नेमकं काय घ्यायचं.

*एक-दोन छाटलेली झाडं:* ॲल्युमिनियमच्या टोपीचा क्लॅम्प लाइट आणि त्यात नेहमीच्या होल्डरमध्ये बसणारा, "100 वॉट समतुल्य" म्हणून मिळणारा 14-15 वॉटचा एलईडी बल्ब, साधारण 1,500-1,600 ल्युमेनचा. हार्डवेअरच्या दुकानात दोन्ही मिळून पंधरा-वीस डॉलर. टोपीमुळं उजेड खाली वळतो, उघड्या बल्बचा अर्धा उजेड भिंतीला जातो. बल्ब दर झाडाला एक.

*तीन ते सहा झाडं:* चार फुटी एलईडी शॉप लाइट. माझ्या मते पैशाला सगळ्यात पुरणारी गोष्ट हीच. वीस ते तीस डॉलरला मिळतो, साखळ्या सोबत येतात, आणि मे महिन्यात काढून गराजमध्ये लावता येतो.

*पिकवायचं असेल तर:* 100 वॉटच्या आसपासचा पांढरा एलईडी बोर्ड, शंभर डॉलरच्या अलीकडे-पलीकडे. दोन बाय दोन फुटांत एक मोठं किंवा दोन मध्यम झाडं. त्याहून मोठी उडी पहिल्या वर्षी मारू नका.

*मान वळणारे क्लिपचे दिवे:* तीन-चार शेंडे असलेले, दिसायला गोड. एकेका शेंड्याचे खरे वॉट बहुधा दहाच्या आत असतात. झोपवलेल्या एका झाडाला सहा इंचांवरून चालतात. त्याच्यावर मिरच्या धरायची आशा ठेवू नका.

> सावधान: भारतातून बॅगेत एलईडी ट्यूब किंवा बॅटन आणू नका. तिथली वीज 230 व्होल्टची, इथली 120 ची. आणलीच असेल तर लावण्याआधी तिच्यावर छापलेली व्होल्टेजची मर्यादा वाचा. फक्त 220-240 लिहिलं असेल तर ती इथं धड पेटणार नाही.

## 6. टांगणं

दिवा छताला लावायचा नाही. हे पुन्हा सांगते, कारण दरवर्षी कुणीतरी बेसमेंटच्या छतालाच शॉप लाइट ठोकतं आणि झाडं पाच फूट खाली ठेवतं. तिथं पोचतो तो उजेड वाचायला बरा, मिरचीला निकामी. साखळी किंवा दोरीनं असा टांगा की खाली-वर करता येईल.

सुरुवातीची अंतरं, शेंड्यापासून:

- शॉप लाइट: 6 ते 8 इंच
- क्लॅम्प लाइट: 8 ते 10 इंच
- एलईडी बोर्ड: 12 ते 24 इंच, बोर्डाच्या जोरावर

मग मोजा. मी कुंड्या हलवून त्यांच्या जागी पुठ्ठा ठेवते, कुंडीच्या काठाएवढ्या उंचीवर, आणि त्यावर मार्करनं चौकोन आखते. दर चौकोनात फोन ठेवून आकडा तिथंच लिहायचा. पहिल्या वेळी मधल्या चौकोनात 9,200 आला आणि टोकाच्या चौकोनात 4,100. म्हणजे टोकाची झाडं निम्म्यावर जगत होती आणि मी लवंगीला दोष देत होते. उपाय सोपा: दर रविवारी पाणी घालताना टोकाच्या कुंड्या मधे, मधल्या टोकाला. बाजूनं पांढरा पुठ्ठा उभा केला की कडेचा उजेड आणखी सुधारतो. चमकणारी फॉइल लावायची गरज नाही, ती चुरगळून दोन दिवसांत पडते.

> सावधान: वायर प्लगमध्ये जाण्याआधी खाली झुकून मग वर चढली पाहिजे, म्हणजे चुकून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खालच्या वळणावरून टपकेल. एक्स्टेंशनची पट्टी जमिनीवर कुंड्यांच्या बशीशेजारी ठेवू नका, भिंतीला अडकवा. एकमेकांना जोडता येणारे शॉप लाइट असतील तर किती जोडायचे ते खोक्यावर लिहिलेलं असतं, त्याच्या पुढं जाऊ नका.

## 7. टायमर आणि पाणी

आठ-दहा डॉलरचा फिरत्या चकतीचा टायमर घ्या. "मी लक्षात ठेवीन" हे कुणाच्याही बाबतीत तीन आठवड्यांपेक्षा जास्त चालत नाही. सकाळी सहा ते रात्री आठ ठेवला की खिडकीचा उजेडही त्यातच जमा होतो. रात्र द्यायचीच, चोवीस तास दिवा ठेवून झाड लवकर वाढत नाही, पानं मात्र पिवळी पडतात.

सासूबाईंनी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर ही मांडणी बघितली तेव्हा म्हणाल्या, "अगं, देवापुढे नसतील एवढे दिवे मिरचीपुढे लावलेस!" मग लगेच: "आणि पाणी किती घालतेस?" नेमका प्रश्न तोच होता. छाटलेलं, पानं नसलेलं झाड पाणी पीतच नाही म्हटलं तरी चालेल. वेळापत्रकानं पाणी घालू नका. कुंडी उचलून बघा: हलकी लागली आणि बोटाचं एक पेर आत कोरडं लागलं तरच द्या. झोपवलेल्या झाडाला तीन आठवड्यांनी एकदा अर्धा कप पुरतो. हिवाळ्यात मिरची उजेडाविना मरते त्यापेक्षा जास्त वेळा मुळं कुजून मरते, आणि दोष दिव्याला जातो.

खत फेब्रुवारीपर्यंत बंद.

## 8. जानेवारीत झाडाकडे बघून काय ओळखायचं

दर रविवारी, दिवा चालू असताना, दोन मिनिटं.

*दोन पेरांमधलं अंतर वाढलंय, कोंब बारीक आणि फिके:* उजेड कमी किंवा खोली गरम. आधी दिवा दोन इंच खाली आणा, मोजा. मग खोलीची हवा दोन-तीन अंशांनी कमी करता येते का बघा. लांबलेला कोंब परत आखूड होत नाही, खालून खुडा.

*वरचीच पानं पांढरट किंवा होडीसारखी वर वळलेली:* दिवा फार जवळ. तीन इंच वर घ्या. शॉप लाइटखाली हे क्वचित होतं, बोर्डाखाली नेहमी.

*पानांच्या मागं खरखरीत बारीक फोड:* कीड नाही. पाणी जास्त आणि हवा कोंडलेली. पाणी कमी करा, छोटा पंखा लांबून हळू सोडा.

*पानांवर बारीक पिवळे ठिपके, पान निस्तेज:* कोळी. हीटिंगनं कोरड्या झालेल्या घरात तो हटकून येतो. पांढरा कागद पानाखाली धरून फांदीला टिचकी मारा. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर झाड नळाखाली न्या, पानांच्या मागून धुवा, साबणाचं पाणी मारा, आणि पाच दिवसांनी पुन्हा. एकदाच मारून थांबणं ही इथली ठरलेली चूक. अंडी वाचतात आणि आठवड्यात पुन्हा तेच.

*काहीच होत नाही, काडी नुसती उभी:* झोपवलेलं झाड असेल तर हेच हवंय. नखाची परीक्षा करा, हिरवं असेल तर सोडून द्या.

## 9. फेब्रुवारीअखेरपासून मेपर्यंत

फेब्रुवारी संपत आला की झाड जागं करायचं. झोपवलेली कुंडी 20 अंशांच्या जागी आणा, दिव्याचे तास चौदा करा, पाणी हळूहळू वाढवा. पंधरा दिवसांत पेरांतून हिरवे डोळे फुटतात. ते दिसल्यावरच अर्ध्या ताकदीचं पातळ खत. आधी नाही.

कोंब फुटले की पानं वाढतात आणि उजेडाची मागणीही. याच सुमारास दुसरा शॉप लाइट जोडावासा वाटतो. जोडा, पण त्याच फूटभर पट्ट्यात पहिल्याला चिकटून, म्हणजे चार झाडांना 200 च्या वर मायक्रोमोल मिळतात. दुसरीकडे लावून झाडं पांगवली तर पुन्हा होतो तिथंच. फुलं आली तर दुपारी फांदीला हलकी टिचकी द्या, मिरचीचं फूल आपल्याच परागांवर धरतं.

बाहेर नेण्याची घाई एप्रिलमध्ये होते, एखादा सत्तर फॅरनहाइटचा शनिवार बघून. थांबा. रात्री सलग 12-13 अंशांच्या वर राहायला लागल्या की मग, इथं साधारण मेच्या मध्याला. आणि थेट उन्हात नाही: दीडशे-दोनशे मायक्रोमोलवर वाढलेलं पान बाहेर दोन हजाराला सामोरं जातं, एका दुपारीत कागदासारखं पांढरं होतं. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग रोज थोडं वाढवत, दहा दिवसांनी पूर्ण ऊन. या दहा दिवसांत झाडं रात्री आत येतात, म्हणून दिवा अजून उतरवू नका.

सगळी झाडं बाहेर रुळली की दिवा ओल्या फडक्यानं पुसा. हिवाळाभराची धूळ आणि साबणाचे शिंतोडे बसलेले असतात, आणि तेवढ्यानंही उजेड कमी पडतो. दिव्याच्या पाठीला मास्किंग टेप लावून त्यावर खरे वॉट, टांगलेली उंची आणि पुठ्ठ्यावरचे आकडे लिहून ठेवा. पुढच्या ऑक्टोबरला माझ्याकडे फोन करायच्या आधी ती टेप वाचा.